सगळेच बाहेरून आले, तो देश कुणाचा?

मॉरिशसच्या चलनी नोटांवर रक्कम इंग्रजीबरोबर तमीळ आणि देवनागरी लिपीतही छापलेली असते. इंग्रजीच्या खाली तमीळ आणि तमीळच्या खाली देवनागरी, असा तिथला जुना क्रम. १९९८ साली तिथल्या मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा काढल्या आणि त्यांत देवनागरी वर गेली, तमीळ खाली आली. बेटावरचा तमीळ समाज खवळून उठला. आमचे पूर्वज इथे फ्रेंचांच्या काळात आले, पोर्ट लुई शहर उभारायला गवंडी आणि सुतार म्हणून राबले, हिंदी-भोजपुरी बोलणारे शंभर वर्षांनी आले. मग आमचा मान खाली का, असा त्यांचा सवाल होता. विरोध इतका वाढला की त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या.

या भांडणात एक गोष्ट सहज नजरेआड होते. नोट घेऊन बाजारात जाणारा तमीळ माणूस भाजीवालीशी तमीळमध्ये बोलत नाही आणि भाजीवाली त्याला हिंदीत उत्तर देत नाही. दोघेही क्रिओल बोलतात. ही बेटावरच्या जवळजवळ प्रत्येकाची भाषा आहे आणि नोटेवर तिला जागा नाही.

स्थलांतराने राष्ट्राची ओळख कशी घडते आणि कशी बिघडते, या प्रश्नावर आज जगभर वाद चालू आहेत. त्यात बहुधा एक बाजू मूळ रहिवाशांची असते आणि दुसरी नव्याने आलेल्यांची. मॉरिशसमध्ये हा वाद असा मांडताच येत नाही, कारण तिथे मूळ रहिवासी कुणीच नव्हते. म्हणून हा देश नीट पाहण्यासारखा आहे. सगळेच बाहेरचे असतील तर ‘आपण’ कोण, हे ठरवायचे कसे? मॉरिशसने त्याचे एक उत्तर शोधले. त्या उत्तराने देश टिकला आणि त्याच उत्तराने तिथल्या काही लोकांवर मोठा अन्यायही केला.

रिकामे बेट, भरलेली जहाजे

मुंबईच्या तिप्पट-चौपट क्षेत्रफळाचे हे बेट हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आहे. अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होते, पोर्तुगीजही येऊन गेले, पण वस्ती कुणी केली नाही. १५९८ मध्ये डच उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिट्सचे नाव बेटाला दिले. १६३८ पासून त्यांनी वसाहत करून पाहिली. त्यांच्याच काळात न उडणारा डोडो पक्षी नामशेष झाला. डचांना ऊस पिकवता आला, पण वसाहत पेलली नाही. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या माहे द ला बुर्दोने यांनी पोर्ट लुई बंदराला रूप दिले. बंदर, रस्ते, मळे हे सारे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून आणली गेली. दक्षिण भारतातूनही काही गुलाम आणि काही कारागीर आले.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच ठेवण्याचे वचन दिले. त्यामुळे राज्य इंग्रजांचे, जमीन फ्रेंचांची, अशी विचित्र जोडी तयार झाली. तिची खूण आजही दिसते. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंच आहेत आणि साखरेच्या मोठ्या इस्टेटी मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे आहेत.

१८२५ मध्ये इंग्रज सरकारने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि उसाची लाट आली. दहाच वर्षांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ६६ हजार माणसे मुक्त झाली. नुकसानभरपाई मिळाली, पण मालकांना: वीस लाख पौंडांहून अधिक. मुक्त झालेल्यांना ना जमीन मिळाली, ना पैसा. आणखी चार वर्षे त्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बांधून ठेवले गेले. ती संपताच त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि किनाऱ्याकडे, मासेमारीकडे, शहराच्या कडेच्या वस्त्यांकडे वाट धरली. ज्या शेतात चाबूक खाल्ला, तिथे मजुरीलाही परत जायचे नाही, हा त्यांचा निर्णय मानी होता. पुढच्या दीडशे वर्षांच्या गरिबीने त्यांनी त्याची किंमत चुकवली.

त्यांची जागा भरायला भारतातून माणसे आणण्याची सुरुवात गुलामगिरी संपण्याआधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. गुलामांऐवजी करारबद्ध मजूर वापरून मळे चालतात का, हे पाहण्याच्या या योजनेला इंग्रज सरकार ‘महाप्रयोग’ म्हणत असे. करार सहसा पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. भरतीतल्या फसवणुकीच्या तक्रारी इतक्या आल्या की १८३८-३९ मध्ये भारतातून मजूर पाठवण्यावर बंदी घालावी लागली, पण १८४२ मध्ये ती उठली आणि मग जहाजांची रीघ लागली. १८४९ मध्ये पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवाशांचे ठाणे उभारले गेले. तेच आज आप्रवासी घाट म्हणून ओळखले जाते आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या वाटेने आले. सर्वांत जास्त बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागातून, कलकत्ता बंदरातून. त्याखालोखाल तमीळ-तेलुगू मुलखातून, मद्रासहून. आणि थोडे मुंबईहून. दीड लाखाच्या आसपास लोक परतले. बाकीचे तिथेच राहिले किंवा तिथेच मेले. १८६१ पर्यंत बेटावरच्या दर तीन माणसांत दोन भारतीय होते. एका पिढीत एवढा पालट जगाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

मजुराचा मतदार

करार संपलेला मजूर कागदावर मोकळा होता. प्रत्यक्षात १८६७ च्या मजूर कायद्याने त्याच्यावर फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. परवाना नसेल तर भटक्या म्हणून अटक. मळ्यावर एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थाने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला आणि मळेवाल्यांचा रोष पत्करला. त्या अर्जामुळे शाही चौकशी आयोग बेटावर आला आणि कायदा थोडा सैल झाला.

खरा बदल जमिनीने घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या निकृष्ट जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पाच रुपये पगारातून पै पै साठवणाऱ्या मजुरांनी त्या घेतल्या. मजुराचा छोटा बागाईतदार झाला, गाव वसले, गावात देऊळ आणि ‘बैठका’ उभी राहिली. बैठका म्हणजे रात्रीची शाळाही होती, भजनाची जागाही होती आणि गावकीचे बसण्याचे ठिकाणही.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले होते. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे गेले, मजुरांचे खटले चालवू लागले आणि त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे वृत्तपत्र काढले. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. क्युरे क्रिओल, म्हणजे आफ्रिकी किंवा मिश्र वंशाच्या समाजातले होते आणि त्यांच्या पक्षात ऊसमळ्यावरचे भारतीय मजूर आणि गोदीवरचे क्रिओल कामगार एकत्र आले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल मळ्यावरच्या संपात पोलिसांच्या गोळीबारात अंजलाय कूपेन ही गरोदर मजूर स्त्री मारली गेली. तिचे नाव आज मॉरिशसमध्ये शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

१९४७ मध्ये मताधिकाराची अट बदलली. मालमत्तेऐवजी साक्षरता हा निकष आला आणि बेटावरच्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणे पुरेसे ठरले. बासदेव आणि सुखदेव बिसुनदयाल या भावांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव, बैठकांमध्ये, मळ्यावरून थकून आलेल्या माणसांना हिंदीत सही करायला शिकवले. बारा हजारांच्या आसपास असलेली मतदारांची संख्या १९४८ च्या निवडणुकीत सत्तर हजारांवर गेली. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मत मिळाले. ज्यांना मनुष्यबळ म्हणून आणले होते, ते आता बहुमत होते.

भीतीतून जन्मलेली घटना

बहुमताची जाणीव झाली तशी उरलेल्यांना भीती वाटू लागली. ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्य हवे की नको याच प्रश्नावर झाली. डॉ. शिवसागर रामगुलाम यांची स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली, पण सुमारे ४४ टक्के मते विरोधात पडली. ज्या देशात जवळजवळ निम्म्या मतदारांना स्वातंत्र्य नको होते, असा तो देश. हिंदूंचे राज्य येईल आणि आपल्याला जागा उरणार नाही, असे क्रिओल, गोऱ्या आणि चिनी समाजांतल्या अनेकांना वाटत होते. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत मुस्लिम आणि क्रिओल वस्त्यांमध्ये दंगल पेटली आणि ती विझवायला ब्रिटिश फौज आणावी लागली. हजारो लोक ऑस्ट्रेलिया आणि युरोपकडे निघून गेले. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या आरंभदिनाची आठवण ठेवून, देश स्वतंत्र झाला. त्याआधी सात वर्षे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचे भवितव्य अंधारमय असल्याचे लिहून ठेवले होते.

या भीतीवर तोडगा म्हणून घटनेत एक वेगळी सोय केली गेली. मतदार एकूण ६२ प्रतिनिधी निवडून देतात. त्यानंतर, ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या असतील त्या समाजाच्या हरलेल्या उमेदवारांपैकी ज्यांना सर्वाधिक मते पडली, अशा आठ जणांपर्यंत सभागृहात घेतले जातात. त्यासाठी घटनेने देशाचे चार समाज मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि या तिघांत जो बसत नाही तो ‘सर्वसाधारण जनता’.

ही सोय आज कितीही अडचणीची वाटली, तरी तिने पहिल्या कठीण वर्षांत देश वाचवला, हे मान्य करायला हवे. हरलेल्याला घरी न पाठवता सभागृहात बसवणारी ही व्यवस्था होती. असेच भारतीय मजूर नेलेल्या फिजीत भारतीय वंशाच्या सदस्यांची बहुसंख्या असलेले, निवडून आलेले सरकार १९८७ मध्ये लष्कराने उलथवले. मॉरिशसमध्ये एकदाही लष्करी बंड झाले नाही आणि सरकारे मतपेटीतून बदलत राहिली. मीड यांचे भाकीतही चुकले. साखरेला युरोपात मिळालेला हमीभाव, १९७० नंतरचे कापड कारखाने आणि पर्यटन यांनी कामे दिली. कामे मिळाली, तेव्हा समाजासमाजांमधली ताणाताणीही बरीच निवळली.

पण चौकट एकदा घटनेत बसली की माणसाला तिच्यात बसावेच लागते. १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा रकाना काढून टाकण्यात आला. त्यामुळे जागांचा हिशेब आजही १९७२ च्या आकड्यांवर होतो. उमेदवाराने आपला समाज लिहिला नाही तर त्याचा अर्ज बाद ठरे. ‘मी फक्त मॉरिशसचा नागरिक आहे’ असे म्हणणाऱ्याला निवडणूक लढवता येत नव्हती. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने यात हक्कभंग होत असल्याचे सांगितले. २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती करून समाज न सांगण्याची मुभा देण्यात आली. कायमचा मार्ग मात्र अजून निघालेला नाही.

कोकणातून गेलेली माणसे

मुंबई बंदरातून जी थोडी माणसे गेली, त्यांत मोठा भाग कोकणातल्या मराठी कुळांचा होता. आज मॉरिशसच्या लोकसंख्येत मराठी मूळ सांगणारे दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. पश्चिमेकडची कास्कावेलसारखी गावे आणि वाक्वाचा परिसर ही त्यांची जुनी ठिकाणे. मराठी घरात बोलली जाणे पिढ्यांपूर्वीच मागे पडले, पण शाळेत ती पूर्वजांची भाषा म्हणून शिकवली जाते, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू करण्याच्या कितीतरी आधी ही कुटुंबे कोकणातून निघाली होती. त्यांनी नेला तो घरचा गणपती. त्याच्यासमोर ‘झाकरी’ नाचली जाते. रत्नागिरीकडे गौरी-गणपतीत फेर धरून जी जाखडी नाचतात, तिचेच हे समुद्रापलीकडचे रूप. नाच टिकला, गाण्यांचे शब्द अर्धे-मुर्धे टिकले आणि दोन गाण्यांच्या मधल्या गप्पा क्रिओलमध्ये चालतात.

आपल्या वाचकाला यात अभिमान वाटेल आणि तो साहजिक आहे. पण यातली दुसरी गोष्टही पाहायला हवी. घटनेच्या दृष्टीने मराठी, तमीळ, तेलुगू सगळे हिंदू. मॉरिशसच्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘हिंदू’ म्हणजे उत्तर भारतीय, हिंदी-भोजपुरी मूळ असलेला. मराठी वेगळा, तमीळ वेगळा, तेलुगू वेगळा. मजूर जहाजात बसले तेव्हा त्यांची ओळख गाव आणि जात एवढीच होती. एका पिंपातले पाणी पिऊन आणि एका बराकीत झोपून जातीचे कंगोरे झिजले. मग स्वतंत्र देशाने अनुदान, सुट्टी, आकाशवाणीवरची वेळ आणि सांस्कृतिक केंद्र हे सारे समाजागणिक वाटायला सुरुवात केली, तेव्हा भाषेच्या रेषा ठळक झाल्या. १९८३ च्या जनगणनेत अनेक मुस्लिमांनी पूर्वजांची भाषा म्हणून अरबी लिहिली, जरी त्यांच्यातल्या बहुतेकांचे पूर्वज कलकत्त्याच्या त्याच जहाजांतून भोजपुरी बोलत आले होते. आजची ओळख जुन्या देशातून जशीच्या तशी आलेली नाही. ती नव्या देशात, तिथल्या वाटणीच्या नियमांप्रमाणे पुन्हा घडली आहे.

ज्यांच्याकडे दाखला नाही

मोका येथे १९७० मध्ये भारत आणि मॉरिशस यांनी मिळून महात्मा गांधी संस्था स्थापन केली. तिथे आप्रवाशांची दप्तरे जपलेली आहेत: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा, जहाज, आणि पुढच्या काळात फोटोही. मजुराला पकडून ठेवण्यासाठी केलेली ही नोंद आज त्याच्या वंशजांचा ठेवा झाली आहे. पणजोबा कोणत्या जिल्ह्यातून आले हे शोधता येते. २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या भारतीय वंशजांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची घोषणा केली. तिथेही हाच दप्तरातला कागद उपयोगी पडतो.

गुलामांच्या वंशजाला असे कुठलेच दार उघडत नाही. गुलामांच्या नोंदवहीत मालकाने ठेवलेले एकेरी नाव असे आणि मूळ म्हणून ‘मोझांबिक’ किंवा ‘मालगाश’ एवढा एक शब्द. गाव नाही, बाप नाही, भाषा नाही. त्यांना ओळखीपासून तोडणे हे त्या व्यवस्थेचे कामच होते. आणि ज्या देशाने पूर्वजभूमीच्या आधारावर मान, भाषा आणि सुट्ट्या वाटल्या, त्या देशात पूर्वजभूमी हिरावली गेलेला माणूस ‘उरलेला’ ठरला. घटनेतल्या ‘सर्वसाधारण जनता’ या खान्यात इस्टेटीचा गोरा मालक आणि त्याच्या पूर्वजांनी विकत घेतलेल्या माणसाचा पणतू एकाच रांगेत बसतात. क्रिओलांची गरिबी आकडेवारीत नीट दिसतही नाही, कारण त्यांचा वेगळा आकडाच नाही.

१९९३ मध्ये रोजे सेर्व्हो या कॅथलिक धर्मगुरूंनी या अवस्थेला ‘क्रिओल समाजाचे दुखणे’ असे नाव दिले. सहा वर्षांनी ते दुखणे फुटले. क्रिओलांचे पारंपरिक सेगा संगीत आणि रेगे यांच्या मेळातून ‘सेगे’ संगीत घडवणारा लोकप्रिय गायक काया याला गांजा ओढल्याबद्दल अटक झाली आणि २१ फेब्रुवारी १९९९ रोजी पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. क्रिओल वस्त्या रस्त्यावर उतरल्या, पोलीस ठाणी आणि दुकाने जळाली, काही दिवस देश ठप्प झाला. पर्यटकांच्या पुस्तिकांमधले ‘इंद्रधनुषी’ बेट त्या दिवसांत दिसेनासे झाले होते.

त्यानंतर काही पावले पडली. २००८ मध्ये ल मॉर्न पर्वत जागतिक वारसा यादीत गेला. पळालेले गुलाम या दुर्गम कड्यावर आसरा घेत असत. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही तारखांना राष्ट्रीय सुट्टी आहे, एक गुलामगिरी संपल्याची, दुसरी मजुरांच्या आगमनाची. २००९ मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोन्हींचे परिणाम तपासून २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात जमीन बळकावल्याच्या तक्रारींचा मोठा भाग होता. स्मारके उभारणे त्यामानाने सोपे असते. जमीन, शाळा आणि सरकारी नोकऱ्या यांच्यापर्यंत न्याय पोचायला वेळ लागतो आणि तिथे मॉरिशसचे काम अजून बरेच बाकी आहे.

नोटेवर नसलेली भाषा

या साऱ्या वाटण्यांच्या खालून एक गोष्ट शांतपणे वाढत गेली. क्रिओल भाषा गुलामांनी मळ्यावर घडवली. शब्दसंग्रह बराचसा फ्रेंच, घडण स्वतःची. भारतीय मजूर आले, त्यांनी ती उचलली आणि तिच्यात भोजपुरी मिसळली. २०११ च्या जनगणनेत घरी क्रिओल बोलणारे ८४ टक्के होते आणि भोजपुरी बोलणारे जेमतेम ५ टक्के. म्हणजे ज्यांना वंशाने ‘उरलेले’ म्हटले, त्यांच्या पूर्वजांनी घडवलेली भाषा आज हिंदू, मुस्लिम, चिनी सगळ्यांची मायबोली झाली आहे.

तरीही तिला राष्ट्रभाषा म्हणायला देश कचरतो. मार्च १९८३ मध्ये राष्ट्रदिनाला दूरचित्रवाणीवरून राष्ट्रगीत क्रिओलमध्ये वाजवले गेले. त्यावरून उठलेल्या वादळाने आधीच तडे गेलेले मंत्रिमंडळ फुटले. नऊच महिन्यांपूर्वी याच सरकारने मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा जिंकल्या होत्या, तेही वंशापेक्षा वर्ग मोठा या घोषणेवर. शाळेत क्रिओल हा ऐच्छिक विषय व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. त्याआधी पिढ्यान् पिढ्या मुले घरी एक भाषा बोलली, शाळेत दुसऱ्या भाषेत नापास झाली आणि स्वतःलाच मठ्ठ समजत राहिली.

वारशाच्या यादीतही हा मेळ दिसतो. क्रिओलांचा सेगा २०१४ मध्ये आणि भोजपुरी लग्नगीतांचे गीत-गवई २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. महाशिवरात्रीला लाखो लोक पांढरे कपडे घालून, कावड खांद्यावर घेऊन गंगा तलावाकडे चालत जातात, तेव्हा वाटेत पाणी आणि फळे घेऊन इतर धर्मांचे शेजारी उभे असतात. सप्टेंबरात कॅथलिक धर्मगुरू पेर लाव्हाल यांच्या समाधीला सांत-क्रुआला जाणाऱ्यांत हिंदू आणि मुस्लिमही असतात. हे सरकारी योजनेने झालेले नाही. दीडशे वर्षे एकाच गल्लीत राहिल्याने झाले आहे.

नव्याने येणारे

आता मॉरिशसच्या कापड कारखान्यांत, बांधकामांवर आणि बेकऱ्यांत बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्करहून आलेले हजारो कामगार आहेत. देशातली जन्मसंख्या घटली, शिकलेली तरुण मुले कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाकडे निघाली आणि हातांची गरज पुन्हा बाहेरून भागवली जाऊ लागली. करार ठरावीक वर्षांचा, राहणे मालकाच्या वसतिगृहात, परवाना एका मालकाशी बांधलेला. आपल्या गावात परकी माणसे वाढली, अशी कुरकुर ज्यांच्या तोंडी येते, त्यांचे खापरपणजोबा याच अटींवर उतरले होते.

मॉरिशसच्या इतिहासातून मला दोन गोष्टी निःसंशय दिसतात. पहिली ही की वेगवेगळ्या मुळांची माणसे एका देशात राहू शकतात. त्यासाठी मुळे उपटावी लागत नाहीत. सत्तेत वाटा, जमिनीचा तुकडा, मताचा हक्क आणि कामाची संधी मिळाली की माणूस देशाचा होतो. बैठकेत सही शिकलेला मजूर मॉरिशसचा झाला तो त्या सहीमुळे. त्याने भोजपुरी सोडली की ठेवली, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. दुसरी गोष्ट ही की पूर्वजांच्या देशाला नागरिकत्वाचे माप केले, की ज्याच्याकडे तो देश दाखवायला नाही त्याची किंमत घटते. मॉरिशसचे मोठेपण पहिल्या गोष्टीत आहे आणि त्याचे कर्ज दुसऱ्या गोष्टीत.

हे कर्ज फेडायचे तर समाजाचा दाखला न मागता उमेदवारी स्वीकारणारा कायमचा कायदा हवा, मुलाला त्याच्या घरच्या भाषेत अक्षरे शिकवणारी शाळा हवी आणि आज वसतिगृहात राहणाऱ्या बांगलादेशी शिलाई कामगाराला मालक बदलण्याचा, तक्रार करण्याचा आणि इच्छा असेल तर तिथेच घर करण्याचा हक्क हवा. १८६७ चा परवाना खिशात बाळगून जगलेल्या माणसांच्या वंशजांना या मागण्यांचे मोल इतर कुणी समजावून सांगण्याची गरज पडू नये.